बाळाचं रडणं ऐकायचं कसं: आवाजात काय असतं आणि काय शोधावं लागतं

तान्ह्या बाळाच्या रडण्याला मराठीत शब्द कितीतरी आहेत. कुरकुर, किरकिर, पिरपिर, मुसमुसणं, गळा काढणं, भोकाड पसरणं, टाहो, आकांत. एकेक शब्द तपासून पाहिला तर लक्षात येतं, की हे सगळे शब्द रडणं किती जोराचं आहे एवढंच सांगतात. भुकेच्या रडण्याला वेगळा शब्द, झोपेच्या रडण्याला वेगळा, ओल्या लंगोटाच्या रडण्याला आणखी वेगळा, असं काही आपल्याकडे नाही. त्यात भाषेचा दोष नाही, कारण आवाजातच तेवढी माहिती नसते. ऐकणाऱ्याला रडण्यावरून तीन गोष्टी बऱ्यापैकी भरवशाने कळतात: हे कोणाचं बाळ, त्याला त्रास किती होतोय आणि आवाज निरोगी आहे का. कारण मात्र घड्याळात, बाळाच्या अंगावर आणि खोलीत शोधावं लागतं.

हे आधीच सांगायचं कारण असं, की इंदूरच्या मराठी घरात पहिल्या सव्वा महिन्यात बाळाभोवती चार जाणती माणसं असतात आणि चौघांचं निदान तयार असतं. आजी म्हणते पोट दुखतंय, मालिशवाली म्हणते गॅस अडकलाय, शेजारच्या काकू म्हणतात दृष्ट लागली आणि बाबांच्या मोबाइलमधलं ॲप म्हणतं भूक लागली. सगळ्यांनी ऐकलेला आवाज एकच असतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी १५ दिवसांपासून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या २४ बाळांचं घरातलं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बाळ कोणतं हे आवाजावरून ओळखता आलं. ते भुकेने रडतंय, एकटं वाटून रडतंय की अवघडल्यामुळे, हे ना कानांना सांगता आलं ना संगणकाला. 'अमुक आवाज म्हणजे भूक, तमुक म्हणजे ढेकर' असं शिकवणाऱ्या तक्त्यांवर म्हणून फार विसंबू नका. ॲपचा अंदाज बरेचदा खरा ठरतो, कारण तान्हं बाळ बहुतेक वेळा भुकेलेलंच असतं.

निरोगी आवाज कसा असतो

आजारी आवाज ओळखायचा तर आधी आपल्या बाळाचा रोजचा आवाज कानात बसायला हवा. एक हुंदका म्हणजे सोडलेला एक श्वास. साधारण सेकंदभर स्वर लागतो, मग क्षणभर विसावा, मग आत श्वास घेताना बारीकसा 'हिक्', की पुढचा हुंदका. उवाँऽ, हिक्, उवाँऽ, हिक्, अशी लय चालते. निरोगी नवजात बाळाचा स्वर बहुधा ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. घरात पेटी असेल तर पांढरी सहा दाबून पाहा, ४४० चा तो स्वर आहे. प्रत्येक हुंदका थोडा चढतो आणि मग खाली उतरतो. ही चाल आईच्या पोटात ऐकलेल्या बोलण्यावरून घडते असं दिसतं. २००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांची तुलना झाली, तेव्हा फ्रेंच बाळांच्या रडण्याची चाल चढती निघाली आणि जर्मन बाळांची उतरती, त्या त्या भाषेच्या ढंगाप्रमाणे. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी ऐकत वाढलेलं इंदुरी बाळ कोणत्या चालीत रडतं, हे कोणीतरी मोजायला हवं!

त्रास वाढला की बाळ जास्त जोराने श्वास ढकलतं, स्वरतंतू ताणले जातात, स्वर चढतो आणि नंतर फाटतो. हे फाटणं, ती खरखर, आपल्या कानाला सर्वांत जास्त टोचते. रात्री तीन वाजता खडबडून उठायला होतं ते आवाज मोठा म्हणून जितकं, तितकंच तो खरखरीत म्हणून.

तीस सेकंद काय ऐकायचं

उचलून घेण्याआधी तीस सेकंद थांबून ऐकायला हरकत नाही. (बाळ पडलं असेल, पोळलं असेल तर अर्थातच थांबू नका.)

सुरुवात कशी झाली ते पाहा. कुरकुरीतून हळूहळू चढत गेलेलं रडणं बहुधा भूक, झोप किंवा कंटाळ्याचं असतं. एकदम, विनासूचना फुटलेला टाहो वेदनेकडे बोट दाखवतो.

मग पहिला हुंदका किती लांबला आणि त्यानंतर काय झालं ते ऐका. वेदनेची खूण इथेच सापडते, आणि ती ऐकून शिकायची उत्तम जागा म्हणजे दीड महिन्याची लस. सुई टोचल्यावर लगेच आवाज येत नाही. आधी तोंड उघडतं, चेहरा लाल होतो, मग एक लांबलचक किंकाळी निघते, नेहमीच्या हुंदक्याच्या कितीतरी पट लांब. त्यानंतर श्वास अडकल्यासारखी शांतता पसरते, बघणाऱ्याचाही श्वास अडकतो, आणि मग दुसरी किंकाळी. नेहमीची 'उवाँ-हिक्' लय काही वेळाने परत येते. हा क्रम एकदा लक्ष देऊन ऐकला की पुढे घरात तसाच आवाज आला तर ओळखता येतो. लसीच्या टेबलापाशी कानात बोटं घालून तोंड फिरवणाऱ्या बाबांनी तर हा धडा चुकवूच नये. अंघोळीच्या वेळचं रडणं आणि लसीचं रडणं यांतला फरक ओळखणं अनुभवाने येतं. तान्ह्या बाळाचा सहवास नसलेल्यांना तो सहसा सांगता येत नाही.

बाबांचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगायला हवं. 'आईच्या कानाला जे कळतं ते बापाला नाही' हे खरं नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज चार तासांहून अधिक वेळ बाळासोबत घालवणाऱ्या वडिलांनी आपल्या बाळाचा आवाज आयांइतकाच अचूक ओळखला. कमी वेळ देणारे मागे पडले.

शेवटी आवाजाचा पोत ऐका आणि उचलल्यावर काय होतं ते पाहा. स्वच्छ, भरलेला आवाज आणि छातीशी घेताच दोन मिनिटांत उतार, हे बरं लक्षण. उचलल्यावर रडणं वाढत असेल तर कुठेतरी हात लागून दुखतंय का ते तपासा: लस दिलेली मांडी, खांदा, जांघ.

मग घड्याळ

शेवटचं दूध कधी पाजलं? पहिल्या महिन्यात २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, म्हणजे 'आत्ता तर प्यायलं' याला फारसा अर्थ नाही. रडणं हा भुकेचा शेवटचा इशारा आहे. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मुठी तोंडात घालतं, गाल कशाला टेकला की तिकडे तोंड वळवून शोधतं. तेव्हाच घेतलं तर काम सोपं जातं. भोकाड पसरलेल्या बाळाची जीभ टाळ्याला चिकटलेली असते, ते स्तन तोंडात धरू शकत नाही, आणि घरात 'दूध आवडत नाही', 'दूधच येत नाही' अशी चर्चा सुरू होते. अशा वेळी आधी झबलं काढून बाळाला उघड्या छातीशी उभं धरा, आवाज उतरू द्या, मग पाजा.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पहिला आठवडा सरत आला की २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी व्हायला हवी. डोळ्यांत अश्रू नाहीत म्हणून घाबरू नका, पहिले काही आठवडे बहुतेक बाळं कोरडीच रडतात.

मग अंग, डोक्यापासून पायापर्यंत

भूक नाही, लंगोट कोरडा, आणि तरी टाहो चालूच असेल तर बाळाला पूर्ण उघडं करा. टोपडं, मोजे, हातमोजे, सगळं काढा आणि चांगल्या उजेडात पाहा. हे काम अर्धवट केलं जातं आणि नेमकं कारण मोज्याच्या आत राहून जातं.

ते कारण कधीकधी एक केस असतो. बाळ तीनेक महिन्यांचं होतं तेव्हा आईचे केस भरपूर गळतात. एखादा केस मोज्यात शिरतो, पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि बाळाने पाय झाडला की आवळत जातो. बोट लालसर, तुकतुकीत, फुगलेलं दिसतं आणि त्याच्या मुळाशी दोरा बांधल्यासारखी रेघ असते. केस स्वतः दिसेलच असं नाही, सुजेत तो रुतून बसतो. दहाही बोटं एकेक फाकवून पाहा, हाताचीसुद्धा, आणि मुलगा असेल तर शिश्नही. केसाचं टोक दिसत असेल तर सोडवा. रुतला असेल तर सुईने, ब्लेडने उकरू नका, थेट दवाखाना गाठा. रक्तपुरवठा तुटलेला असतो, तेव्हा उद्यावर ढकलण्यासारखं ते नाही.

आपल्याकडचे दागिनेही याच जातीतले. करदोटा बारशाला बांधलेला असतो आणि बाळ महिन्याला सहज पाऊण-एक किलो वाढतं. मनगट्या, काळ्या मण्यांचा दोरा, वाळे, यांच्याखालून तुमचं बोट सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर कापा, शकुन-अपशकुन नंतर पाहू.

जांघेत किंवा अंडकोशात टणक, दुखरी गाठ आली असेल तर हर्निया अडकला असू शकतो. त्यासाठी तातडीने जायचं. दाबून आत ढकलायचे प्रयोग घरी करू नका. तोंडात दुधाचा पापुद्रा पुसूनही निघत नसेल तर ती बुरशी असते, त्यावर डॉक्टरांकडून औषध मिळतं. एकच डोळा घट्ट मिटून बाळ रडत असेल तर स्वतःचंच नख लागून बुबुळावर ओरखडा आला असण्याची शक्यता आहे; डोळ्यात काजळ, दूध, गुलाबपाणी काही घालू नका. आडवं केलं की रडणं आणि उभं धरलं की उतार, सोबत सर्दी, असं असेल तर कान दाखवून घ्या.

काखेत थर्मामीटर लावाच. 'अंग गरम लागतंय' हे हाताने सांगता येत नाही, इंदूरच्या मे महिन्यात तर मुळीच नाही.

खोली

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे असतो आणि तरी बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद, बाळाला टोपडं, मोजे, वर दुपटं. अशा बाळाची किरकिर ही उकाड्याची असते. हातपाय चाचपू नका, ते गारच लागतात. मानेमागे आणि छातीवर हात ठेवा. घाम किंवा चटका लागला तर एक थर काढा. एका सुती झबल्यात बाळ सुखी असतं. पंखा चालतो, कूलरचा झोत थेट अंगावर नको. पाणी मात्र सहा महिने पाजायचं नाही, कितीही लू वाहत असली तरी. दूध वारंवार पाजा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलट होतं, तेव्हा मानेमागचा भाग गार लागला तर बाळाला आईच्या कुशीची ऊब द्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं धोक्याचं आहे, तिच्या धुराने जीव गेलेले आहेत. शेपा-ओव्याची धुरी, उदबत्ती, यांनीही नाक चोंदतं आणि मग रडणं वाढतं.

गोंगाटाचंही तसंच. राजवाड्याजवळ राहणाऱ्यांना रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, चुकवता येत नाहीत. त्या दिवशी बाळ दिवसभर शांत राहतं आणि रात्री आकांत करतं. ती साठलेली थकावट असते. दिवा मंद करा, पाहुणे बाहेरच्या खोलीत बसवा आणि एकाच माणसाने बाळ घ्या. हातोहात फिरवलेलं बाळ निवत नाही.

तिन्हीसांजेचं रडणं

सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही आणि रोज दिवेलागणीला हाच प्रकार, असं असेल तर बाळाचं वय मोजा. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आयांकडून नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा सहाव्या आठवड्यात निरोगी बाळंही दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडत होती. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे आठवडे ठरलेल्या तारखेपासून मोजा. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीनहून जास्त दिवस, तीन आठवडे, अशा रडण्याला 'कॉलिक' म्हणण्याची चाल १९५४ पासून आहे. नाव पोटशुळाचं असलं तरी दर वेळी पोटच दुखत असतं असं नाही. पाय पोटाशी घेणं आणि वारा सरणं हे बरेचदा रडताना हवा गिळल्यामुळे होतं.

दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मोहऱ्यांनी बाळाचं काही बिघडत नाही. फक्त मिरच्या त्या खोलीत जाळू नका. पोटात मात्र काही जाता कामा नये. मध वर्षभर नाही, सहाणेवर उगाळलेली गुटी नाही, आणि जायफळ तर नकोच, त्याने गुंगी येते आणि घर समजतं की गुण आला. मोठ्या भावंडाच्या वेळची पोटदुखीच्या थेंबांची बाटली कपाटात असते; डायसायक्लोमीन असलेली औषधं सहा महिन्यांखालच्या बाळांना देत नाहीत, श्वासावर परिणाम होतो.

उपयोग होतो तो चालण्याचा. बाळ छातीशी, डोकं आधारलेलं, आणि सलग पाच मिनिटं चाला. मध्येच थांबू नका, वळताना झटका देऊ नका. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत अशा फेऱ्या पुरतात. झोपलं की लगेच पाळण्यात टाकू नका. बसून आणखी पाच ते आठ मिनिटं धरा. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये तपासलं तेव्हा दिसलं, की बाळं जागी होतात ती गादीला पाठ टेकताना नव्हे, धरणाऱ्याच्या अंगापासून सुटताना. तेवढी मिनिटं झोप मुरली की सुटलेलं कळत नाही. बाळ पाठीवर झोपवा.

आणि हात थरथरायला लागले, डोकं फिरायला लागलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दार लोटा आणि दहा मिनिटं बाहेर या. कोणाला तरी हाक मारा. रडल्याने त्या दहा मिनिटांत काही होत नाही. रागाने गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

हे आवाज ऐकले की वाट पाहायची नाही

बारीक, टोकदार, तारेसारखी किंकाळी, जी उचलूनही उतरत नाही: मेंदूज्वर किंवा मेंदूवरचा दाब. टाळू फुगली आहे का ते चाचपा, पण बाळ शांत असताना आणि उभं धरून. रडताना ती वर येतेच. सोबत अंगावर गडद कावीळ आणि मान-पाठ मागे कमानीसारखी ताठ असेल तर कावीळ मेंदूपर्यंत पोचत असल्याची ती खूण आहे.

क्षीण, म्याऊ केल्यासारखं रडणं, दूध ओढत नाही, अंग लुळं: जंतुसंसर्ग, साखर उतरणं, पाणी कमी पडणं. गोंधळ इथेच होतो. काल टाहो फोडणारं बाळ आज 'शहाणं' झालं म्हणून घर सुखावतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल किंवा अंग गार पडलं असेल तर रात्र असली तरी निघायचं.

प्रत्येक श्वास सोडताना 'हं... हं...' असं कण्हणं: हे रडणं नाही, फुप्फुसांची धडपड आहे. झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोटाचे हेलकावे मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे.

थांबून थांबून येणारा आकांत: दर दहा-वीस मिनिटांनी बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पांढरं पडतं, मधल्या वेळात मलूल किंवा अगदी ठीक. सहा-सात महिन्यांच्या आसपास असं झालं तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लालसर, जेलीसारखी शी होते ती उशिरा. तिची वाट पाहू नका. हिरवी उलटी झाली तर तीही याच यादीत.

सावकाशीने पण नक्की दाखवायचे आवाज तीन. जन्मापासून घोगरा, जाडा आवाज, सोबत बद्धकोष्ठता, मोठी जीभ, लांबलेली कावीळ असेल तर थायरॉइडची तपासणी. (खूप रडल्यावर एखादा दिवस घसा बसणं वेगळं.) आणि श्वास आत घेताना 'घुर्र' असा आवाज, पाठीवर झोपवल्यावर जास्त: बहुधा मऊ स्वरयंत्र, बहुतेकांत ते आपोआप सुधारतं. मात्र त्यासोबत बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर लगेच जा. अगदी मांजराच्या पिलासारखं रडणं जन्मापासून असेल तर डॉक्टर गुणसूत्रांची तपासणी सुचवतील. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा नसल्याने होणारा हा विकार जेरोम लेज्यून यांनी १९६३ मध्ये नोंदवला.

रुग्णवाहिकेसाठी १०८. जवळ बालरोगतज्ज्ञ नसेल आणि रात्र असेल तर इंदूरचं एम.वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालय चोवीस तास उघडं असतं. निघण्याआधी मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या: झबलं वर, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, टीव्ही बंद करून. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गाडीत झोपून जातं, आणि डॉक्टरांना जो आवाज ऐकायचा असतो तो मग त्या व्हिडिओतच असतो. कागदावर शेवटचं दूध, शेवटची लघवी, तापमान आणि रडणं किती वाजता सुरू झालं, एवढं लिहून न्या.